गॅलरीतली कवायत

कुत्रा आमच्याकडे फुकट आला, आणि पहिला संशय मला तिथेच आला.

एक तरुण जोडपं, दोघंही आयटीत, आपला दीड वर्षांचा शेल्टी देऊन टाकत होतं. शेल्टी म्हणजे मेंढ्या राखणारा लहान चणीचा कुत्रा. कोल्ह्यासारखं लांब नाक, मानेभोवती पांढरी आयाळ, आणि डोळे असे की आपण काहीतरी लपवतोय हे त्याला कळलंय असं वाटावं. मुलीच्या मैत्रिणीकडून ही बातमी घरात आली आणि मुलीने दोन दिवस जेवण सोडल्याचं नाटक केलं. शेवटी मी म्हटलं, बघून तर येऊ.

"खूप शहाणा आहे, काकू. काही म्हणजे काही त्रास नाही," त्या जोडप्यातली मुलगी म्हणाली.

"मग देताय का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "आम्ही छोट्या फ्लॅटमध्ये शिफ्ट होतोय."

घरात बांधलेलं एकही खोकं दिसत नव्हतं. मी तसं म्हटलंही. दोघं हसली, आणि कुत्र्याचा पट्टा माझ्या मुलीच्या हातात देऊन मोकळी झाली.

माझा स्वभाव असा का, तर थोडा जन्मजात आणि थोडा नोकरीने आलेला. शनिवार पेठेत कानाच्या एका डॉक्टरांकडे मी ऐकण्याच्या तपासण्या करते. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. बावीस वर्षं मी हेच करते आहे. आवाज नसतानाही बटण दाबणारे येतात, कारण आपण बहिरे झालोय हे त्यांना मान्य करायचं नसतं. सर्टिफिकेट हवं म्हणून स्पष्ट ऐकू येत असताना दगडासारखे बसून राहणारेही येतात. अशा माणसाच्या पाठीमागे मी हळूच पेन पाडते. तो वळला की मी काही बोलत नाही, फक्त लिहून घेते.

तर कुत्रा पहिले दोन दिवस एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि त्याने तोंड उघडलं. त्यानंतर त्याने ते मिटलं नाही. लिफ्टचं दार, खालचा भंगारवाला, समोरच्या तारेवरचा कावळा, मिक्सर, मुलीची शिंक, प्रत्येकाला वेगळं भुंकणं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की तो स्वयंपाकघरात येऊन मला गॅस बंद करायला सांगायचा. दोन शिट्ट्यांना यायचा नाही. छोट्या फ्लॅटचं कारण मला तेव्हा समजलं.

मेंढ्या राखणं त्याच्या रक्तात होतं आणि धायरीत आमच्या तिसऱ्या मजल्यावर मेंढ्या नव्हत्या. आम्ही तिघं होतो. संध्याकाळी तिघं तीन खोल्यांत असलो की त्याचा जीव खालीवर व्हायचा. मागून येऊन टाचेला नाक लावायचा, वळसा घालून वाट अडवायचा, आणि आम्ही तिघं एका खोलीत आलो की दारात आडवा पडून सुस्कारा टाकायचा. यजमान पेपर घेऊन बाथरूममध्ये गेले की कळपातलं एक कमी झालं म्हणून दाराबाहेर आरडाओरडा. "या घरात आता तेवढीही मुभा राहिली नाही," आतून आवाज यायचा.

कर्वेनगरच्या एका मैदानावर रविवारी सकाळी कुत्र्यांचा वर्ग भरतो असं कळलं. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. "एक शब्द, एकदाच," ती म्हणाली. "ऐकलं की लगेच खाऊ. ऐकलं नाही तर गप्प उभं राहायचं. परत सांगायचं नाही." मला एकदा सांगून थांबता येत नाही. घरी कोणी एकदा सांगून ऐकलेलं मला आठवत नाही. तरी मी शिकले. त्याला 'बस' आलं, 'थांब' आलं. 'गप्प' तर त्याला इतकं लवकर आलं की मी लिफ्टमध्ये लोकांना सांगत सुटले.

आणि मग माझ्या लक्षात आलं की तो आधीपेक्षा जास्त भुंकतोय. भुंकायचा, माझ्याकडे बघायचा, मी 'गप्प' म्हणायची, तो गप्प व्हायचा, बिस्किट घ्यायचा. पाच मिनिटांनी पुन्हा. दाराबाहेर कोणी नाही, तारेवर कावळा नाही. तो माझ्याकडून 'गप्प' म्हणवून घेत होता.

शिकवणाऱ्या मुलीला सांगितलं तर ती हसली. "तुम्ही त्याच्याकडे चोर पकडल्यासारखं बघता, मॅडम. मग तोही चोरासारखा वागतो."

मला ते आवडलं नाही.

आम्ही घरात नसताना काय चालायचं ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळायचं. यजमान सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसने चाकणला जायचे, मुलगी आठला कॉलेजला, मी साडेनऊला. मधे अकरा ते बारा कामाच्या मावशी यायच्या. त्यांच्याकडे किल्ली होती. बाकी, तीनला मुलगी परत येईपर्यंत, कुत्रा एकटा. खालच्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं होतं, "दुपारी बारा ते एक या वेळात भुंकण्याचा कार्यक्रम असतो. तो रद्द करावा, किंवा निदान निमंत्रणपत्रिका तरी द्यावी." त्याखाली अकरा जणांनी अंगठे दाखवले होते. मी अकराही नावं पाहून ठेवली.

महिना-दीड महिना हे चाललं. मग एक दिवस काका लिफ्टमध्ये भेटले.

"हल्ली दुपारी अगदी शांत असतं हो. कुत्रा देऊन टाकलात की काय?"

"नाही. आहे."

"असं? मग तब्येत बरी आहे ना त्याची?"

दुसऱ्या कोणी हे सौजन्य म्हणून ऐकलं असतं. मी रात्रभर विचार केला. जो कुत्रा चमचा पडला तरी भुंकतो, तो दुपारी एकटा असताना गप्प का? कोणी त्याला काही खायला घालतंय का? झोपेचं औषध? अंगठे दाखवणारे अकरा जण होते आणि किल्ली एकीच्या हातात होती.

शनिवारी मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे पाहिले, छाती तपासली, मागचे पाय दाबून पाहिले. "उत्तम आहे. व्यायाम चांगला घेता तुम्ही. मांड्या बघा कशा भरल्यात."

मी त्याला सकाळी वीस मिनिटं खाली नेत होते, तेही निम्मा वेळ तो एकाच झाडाचा वास घेत उभा असायचा. हा व्यायाम कोण घेत होतं?

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. मी स्वयंपाकघरात होते. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला मी उजवा हात वर केला, पंजा उघडा. मागे धप्प असा आवाज झाला. वळून पाहिलं तर कुत्रा जमिनीला पोट टेकून सपाट पडला होता आणि माझ्या हाताकडे टक लावून बघत होता. मी हात खाली घेतला. तो उठला. हात वर केला. तो आडवा.

हे मी शिकवलं नव्हतं. मुलीने नाही, यजमानांनी तर नाहीच. कर्वेनगरच्या वर्गात 'झोप' अजून सुरूच झालं नव्हतं. त्या आयटीतल्या मुलीला फोन लावला.

"हाताने? नाही हो काकू, आम्ही तर त्याला काहीच नव्हतं शिकवलं. का? काही झालं का?" तिच्या आवाजात भीती होती, मी कुत्रा परत देईन याची. ती खोटं बोलत नव्हती.

म्हणजे कोणीतरी माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्या कुत्र्याला शिकवत होतं.

मावशींबद्दल आता सांगते. त्या मूळ धायरी गावातल्या. आमच्या सोसायट्या उभ्या राहायच्या आधी इथे ज्यांची शेतं होती त्यांच्यापैकीच एका घरातल्या. चार वर्षं आमच्याकडे होत्या. कमी बोलायच्या, काम स्वच्छ. चार वर्षांत घरातली टाचणी हलली नव्हती. तरीही मी विचार केला की त्यांच्याबरोबर आणखी कोणी येत असेल. कोणाला तरी आत घेत असतील. मी त्यांना विचारायला हवं होतं. पण ज्याच्यावर संशय आहे त्याला विचारलं की तो सावध होतो, हे माझं बावीस वर्षांचं शिक्षण.

मुलीचा जुना मोबाईल होता. तिने त्यात काहीतरी घालून दिलं, म्हणजे तो कॅमेऱ्यासारखा चालतो आणि मला कामावर बसून बघता येतं. "मम्मा, हे वियर्ड आहे हां," ती म्हणाली, पण दिलं लावून. हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटात दोन जाड पुस्तकांच्या मधे मी तो उभा केला. तिथून हॉल पूर्ण दिसायचा आणि गॅलरीचा अर्धा भाग. गॅलरीला जाळी आहे, म्हणून तिचं दार आम्ही कुत्र्यासाठी उघडंच ठेवतो.

दुसऱ्या दिवशी अकराला एका आजोबांची तपासणी संपवून मी पडद्यामागे जाऊन फोन उघडला. मावशी आल्या. कुत्रा त्यांच्याभोवती दोनदा फिरला. त्यांनी पिशवीतून डबा काढला, भाकरीचा तुकडा मोडून त्याला दिला, उरलेली स्वतः उभ्या उभ्या खाल्ली. त्याच्याशी काहीतरी बोलल्या. आवाज नीट येत नव्हता. मग झाडू घेतला. दुसरं कोणी नव्हतं. फडक्याने कपाट पुसत पुसत त्या जवळ येत गेल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम मोठा झाला. त्या मोबाईलकडे बघत होत्या. म्हणजे माझ्याकडे. तीन-चार सेकंद असतील. रागावलेल्या दिसल्या नाहीत. त्यांनी फडक्याचं कोरडं टोक घेतलं, मोबाईलची काच पुसली, दोन्ही पुस्तकं पुसली, सगळं होतं तसं ठेवलं आणि पुढे गेल्या.

मी फोन पालथा ठेवून पडद्याबाहेर आले. पुढचा पेशंट काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसला होता आणि मी आवाज सोडायलाच विसरले होते. तो बिचारा बटणावर अंगठा ठेवून माझ्याकडे बघत होता.

त्याची तपासणी झाल्यावर मी पुन्हा फोन पाहिला, निदान बंद तरी करावा म्हणून. सव्वाबारा वाजले होते, मावशी गेल्या होत्या. कुत्रा गॅलरीत होता, जाळीपाशी, पाठ माझ्याकडे. तो बसला. मग आडवा झाला. उठला. स्वतःभोवती एक गिरकी घेतली. पुन्हा आडवा. चार पावलं डावीकडे गेला, थांबला, परत आला. बसला. गॅलरीत त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. घरात कोणी नव्हतं. हे पंचवीस मिनिटं चाललं. मग तो आत आला, पाणी प्यायला आणि हॉलच्या मधोमध झोपला.

संध्याकाळी घरी आले तर जेवणाच्या टेबलावर किल्ली होती. मावशींनी जाताना दार ओढून घेतलं होतं आणि किल्ली आत ठेवली होती. चिठ्ठी नव्हती. फोन केला तर उचलला नाही.

यजमानांना मी सगळं सांगितलं आणि कुत्र्याचं चित्रण दाखवलं. ते दोनदा पाहून ते म्हणाले, "तू एक चांगली बाई घालवलीस. आणि हा समोरच्या कोणाचं तरी ऐकतोय." मग पेपर घेऊन बाथरूममध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पडद्यामागे लपून पाहण्याचा प्रयत्न करून पाहिला, पण कळपातलं कोणी घरात असताना कुत्रा कशाला गॅलरीत जाईल? तो पडद्यापुढे उभा राहून मला बाहेर यायला सांगू लागला. शेवटी दार लावून मी जिन्यात गेले. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या खिडकीतून आमची गॅलरी दिसते, आणि खालच्या अरुंद रस्त्यापलीकडची दुसऱ्या सोसायटीची इमारतही.

बाराला पाच-सात मिनिटं होती. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत येऊन बसले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर विणलेली टोपी. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात मनगटाशी धरला आणि सावकाश वर उचलला. पंजा उघडा. आमच्या गॅलरीत कुत्रा आडवा झाला. त्यांनी हात खाली घेऊन खांद्यातून गोल फिरवला. कुत्र्याने गिरकी घेतली. हात छातीशी आला, कुत्रा बसला.

आता लिहिताना हे दृश्य मला चांगलं वाटतं. तेव्हा माझ्या मनात आलेला विचार वेगळा होता. हा माणूस घर हेरतोय. कोण किती वाजता बाहेर जातं ते बघून ठेवतोय. कुत्रा गप्प राहील, हाताच्या इशाऱ्यावर आडवा होईल, इतकं शिकवून झालं की एक दिवस कुलूप फुटेल. मला सगळं जुळतंय असं वाटलं. चपला सरकवल्या आणि निघाले.

समोरच्या सोसायटीच्या वॉचमनने वहीत नाव लिहायला लावलं. "काय काम हाय?" मी लिहिलं, वैयक्तिक. तिसऱ्या मजल्यावर दारावरची पाटी वाचली. मुसलमान कुटुंब होतं. ती पाटी वाचून माझा संशय जिथल्या तिथे राहायला हवा होता. तो वाढला. ते मला शोभणारं नव्हतं, पण तसं झालं.

माझ्याच वयाच्या बाईंनी दार अर्धं उघडलं. साखळी तशीच.

"कोण हवंय आपल्याला?"

"मी समोर राहते. तुमच्या गॅलरीत एक गृहस्थ बसतात..."

"अहो, ते स्वतःच्या गॅलरीत बसतात. तुमचं काय गेलं?" मग त्यांनी मला नीट पाहिलं. "कुत्रेवाल्या ना तुम्ही? मी वाटच बघत होते कधी येताय. तुमचा कुत्रा रोज दुपारी तासभर आमच्या घरात टक लावून बघत असतो, ते चालतं का?"

"तो बघतो कारण तुमचे गृहस्थ त्याला इशारे करतात."

"इशारे?" त्यांनी साखळी काढली. "या आत. बघा इशारे."

ते त्यांचे सासरे होते. आयुष्यभर पेठेत टेलरिंगचं दुकान चालवलं होतं. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. शब्दांपैकी एकच उरला, 'बरोबर'. गिऱ्हाइकाला कपडा घालून बघायला लावला की हेच विचारायचे म्हणे. आता भूक लागली तरी बरोबर, पंखा बंद करा तरी बरोबर. माझ्याकडे असे पेशंट येतात, बोलणं गेलं म्हणजे ऐकणंही गेलं असेल असं समजून घरचे त्यांना घेऊन येतात. मला हे कळायला हवं होतं. जिन्यातल्या त्या खिडकीतून मी त्यांचा लोंबणारा हात पाहिला होता, डाव्या हाताने तो उचलताना पाहिला होता. तरी मला चोर दिसला.

"व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची," सूनबाई सांगत होत्या. "तिच्यापुढे करायचे, ती गेली की हात मांडीवर. ओरडून झालं, रडून झालं. माझे मिस्टर म्हणाले, अब्बांना नका त्रास देऊ. मग तुमचा कुत्रा आला. दुपारी जेवायच्या वेळी इतका भुंकायचा की अब्बा चिडले एकदा. गॅलरीत जाऊन डावा हात केला, असा, थांब म्हणून. आणि तो बसला हो. अब्बांनी मागे वळून पाहिलं, मी काही केलं का म्हणून. परत हात केला. तेव्हापासून रोज."

"पण उजवा हात..."

त्यांनी आवाज खाली आणला. "ते मी सांगितलं. म्हटलं, अब्बा, त्याला उजवाच हात कळतो. खोटंच. त्यांना शंका आली असणार, कापड बघून माणूस ओळखायचे ते. पण उजवा उचलायला लागले."

म्हातारे गृहस्थ गॅलरीतून आमच्याकडे बघत होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. समोर, रस्त्यापलीकडे, माझा कुत्रा जाळीला नाक लावून बसला होता. पहिल्यांदाच मी माझं घर बाहेरून पाहिलं. सगळं दिसत होतं, अगदी पुस्तकांचं कपाटसुद्धा.

"आपण त्याला इथे आणू का एकदा?" मी विचारलं.

"वर नको," सूनबाई लगेच म्हणाल्या. "घरात नमाज होते. खाली भेटवू."

रविवारी संध्याकाळी पाच वाजता म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांचा मुलगा आणि सूनबाई काठीच्या आधाराने खाली घेऊन आले. मी, यजमान, मुलगी आणि कुत्रा तिथे होतोच. मला वाटलं होतं की कुत्रा धावत जाऊन त्यांना बिलगेल. मुलीने तर फोन काढून तयार ठेवला होता. कुत्र्याने त्यांना जवळून पाहिलं आणि अनोळखी माणसावर भुंकतात तसा भुंकायला लागला. काठीवर भुंकला, टोपीवर भुंकला. म्हाताऱ्या गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांनी मुलाकडे पाहिलं, वर घेऊन चल असं.

"लांबून," यजमान एकदम म्हणाले. "त्याला ते लांबून माहीत आहेत. जवळून कधी पाहिलेत त्याने?"

आम्ही तिघं त्याला घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो आणि वळलो. तिकडे म्हाताऱ्या गृहस्थांनी काठी मुलाकडे दिली, डाव्या हाताने उजवा उचलला. पंजा उघडा. कुत्र्याचं भुंकणं घशात राहिलं. तो रस्त्याच्या मधोमध सपाट झाला. मागून आलेला स्कूटरवाला ब्रेक लावून थांबला आणि म्हणाला, "झोपायला घर नाही का?"

त्यांनी हात फिरवला, त्याने गिरकी घेतली. मग त्यांनी हात आपल्याकडे ओढला, ये म्हणून. ही खूण कुत्र्याला ठाऊक नव्हती. गॅलरीतून गॅलरीत तिचा उपयोगच नव्हता. तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी पट्टा सोडला. तो सरळ गेला नाही. मोठा वळसा घालून, रस्त्याच्या कडेकडेने, त्यांच्या मागे पोचला आणि त्यांच्या टाचेला नाक लावलं. मग पुन्हा लावलं. त्यांना आमच्याकडे आणायचं होतं त्याला. त्यांनी एक पाऊल टाकलं. मुलगा धरायला पुढे झाला तर सूनबाईंनी त्याला अडवलं. चार पावलं, मग पाचवं. कुत्रा मागून डावीकडे, उजवीकडे, वाट न सोडू देता.

आमच्यापाशी पोचल्यावर ते दम खात उभे राहिले. मागोमाग सूनबाई आणि मुलगाही आले.

"तुम्ही त्या दिवशी पोलिसांना बोलवायला निघाला होतात ना?" सूनबाईंनी मला विचारलं.

"नाही हो, काहीतरीच काय."

"बरोबर," म्हातारे गृहस्थ म्हणाले. तो सूर ऐकून यजमान तोंड फिरवून हसले.

मावशींकडे जायला मला आणखी आठवडा लागला. गावातल्या देवळामागे त्यांचं घर. त्या अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, पण पाट पुढे सरकवला. मी सगळं सांगितलं, म्हाताऱ्या गृहस्थांचं, हाताचं, कवायतीचं.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्यो म्हातारा कवाधरनं हात हालवतोय. म्या गॅलरी पुसाया गेले की मलाबी हात करायचा. ह्यो बसायचा त्येच्यासमोर शाळंतल्यावानी."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "तुमी इचारलं कुटं? तुमी फोन ठिवला."

मी माफी मागितली. नीट, शब्दांत मागितली. असं मी फार कमी वेळा केलंय. परत येता का विचारलं.

"न्हाय ताई. राग न्हाय. पर आता झाडताना ध्यान कपाटाकडं जाणार. तसं काम हुत न्हाय."

त्यांनी चहा केला. मी प्यायले आणि उठले.

आता वर्ष होत आलं. मावशी आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या विंगमध्ये काम करतात. अकराच्या सुमाराला फाटकातून येतात. मी सुट्टीच्या दिवशी कुत्र्याला घेऊन त्या वेळी खाली असले तर तो त्यांच्याकडे ओढ घेतो आणि मी पट्टा सैल सोडते. त्या डबा उघडून भाकरीचा तुकडा त्याला देतात, त्याच्याशी दोन शब्द बोलतात, मला मान हलवून पुढे जातात. आमच्याकडे नवीन बाई येते. किल्ली मी पहिल्याच दिवशी तिच्या हातात दिली. मोबाईल मुलीने परत घेतला.

समोरच्या गॅलरीत कवायत चालू आहे. म्हाताऱ्या गृहस्थांचा हात आता आधाराशिवाय खांद्यापर्यंत येतो, त्यापुढे येत नाही, आणि येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. बोलण्यात फरक नाही. रविवारी ते खाली उतरतात आणि कुत्रा त्यांना रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाकत नेतो. मी सूनबाईंकडून खुणा शिकून घेतल्या आहेत. हात वर केला की कुत्रा माझंही ऐकतो, पण आडवा होण्याआधी मान वळवून समोरच्या गॅलरीकडे एकदा बघून घेतो.

खालच्या काकांनी परवा लिफ्टमध्ये विचारलं, "शांत आहे हो अजून. काय देता काय त्याला?"

मी त्यांना खरं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आमचे मजले सोडून लिफ्टबरोबर सहा मजले वर आणि सहा मजले खाली जात. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.